यंदा आवडलेल्या चार तबकड्या

"परकीय संगीत आम्हांला कळत नाहीं," असें आपल्या सुशिक्षित घरांतूनहि वारंवार ऐकूं येतें. यांत अनादराचा भाग थोडा. पाय ठेवावयास जागा सांपडत नाहीं, ही खरी अडचण. रागदारीवर वाढलेल्या कानाला अशी जागा कोठें मिळूं शकते, हें गेल्या वर्षभरांत मीं पुनःपुन्हां ऐकलेल्या चार तबकड्यांच्या आधारें आज सांगावयाचें आहे.

तत्पूर्वीं 'आल्बम' या शब्दाविषयीं थोडेंसें. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीनचार मिनिटांचेंच गाणें मावे. रचना मोठी असली कीं अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या एका जाड वहीच्या कागदी खिशांत घालून विकल्या जात. वहीचें तें नांव पुढें आंतील संगीतालाच चिकटलें. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें दीर्घ तबकडी काढली, तेव्हां एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत राहूं लागलें. आतां बहुतेक घरांत संगीत मोबाइलवरच ऐकलें जातें. मी मात्र संवयीनें तबकडीच म्हणतों.

पहिली तबकडी जाझची. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यानें १९५९ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत, न्यूयॉर्क येथें दोनच दिवसांत मुद्रित केलेली 'काइंड ऑफ ब्लू'. त्यापूर्वींच्या जाझमध्यें स्वरसंघ, म्हणजे एकाच वेळीं वाजणारे स्वरांचे पुंजके, झपाट्यानें बदलत आणि वादकाला त्यांच्या मागें धांवावें लागे. डेव्हिसनें ही धांव थांबविली. 'सो व्हॉट' ही पहिलीच रचना घ्या. तिचें आवर्तन ३२ खंडांचें, प्रत्येक खंड चार मात्रांचा. पहिले १६ खंड एकाच सप्तकावर उभे आहेत. तें सप्तक पेटीवर मांडून पाहावें: गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट! पुढील ८ खंडांत तेंच सप्तक षड्ज अर्ध्या स्वरानें चढवून येतें आणि शेवटच्या ८ खंडांत मूळ षड्जावर परततें. ओळखीच्या घरांत शिरावें आणि घराची जमीनच वर सरकावी, तसें कांहींसें होतें.

यास काफी राग म्हणणें मात्र चूक ठरेल. रागाला चलन असतें, न्यासाच्या जागा असतात. येथें नुसतें सप्तक आहे. षड्ज धरून ठेवणारा तंबोराहि नाहीं, उलट षड्ज हलतो हीच तेथील गंमत. सुरेलपणाविषयीं काटेकोर असणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. मार्चमधील मुद्रणाच्या वेळीं यंत्र किंचित् मंद चाललें होतें, त्यामुळें पहिल्या बाजूच्या तीनहि रचना कित्येक वर्षें मूळ स्वराहून अंमळ चढ्या ऐकूं येत. १९९० नंतरच्या आवृत्त्यांत ही चूक सुधारली गेली.

दुसरी तबकडी बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'ची. १७४१ सालीं छापलेल्या या रचनेंत आरंभीं एक 'आरिया' येते, तिच्या खर्जांतील स्वरपंक्तीच्या आधारें ३० रूपांतरें होतात, आणि शेवटीं पुन्हां तीच आरिया. एकल तबल्याच्या साथीला लेहरा फिरत असतो, त्याची येथें आठवण ठेवावी. कान वरच्या स्वरांवर न ठेवतां खालीं ठेवावा. कॅनडाच्या ग्लेन गूल्डनें ही रचना १९५५ सालीं, वयाच्या २२ व्या वर्षीं, सुमारें ३८ मिनिटांत वाजविली. १९८१ सालीं पुन्हां वाजविली ती ५१ मिनिटांत. दुसऱ्या खेपेस कांहीं भाग दोनदां वाजविले आहेत, म्हणून सारा फरक लयीचा नव्हे. परंतु आरंभींची आरियाच दीडपटीहून लांबली आहे. पहिल्या मुद्रणांत तयारी ऐकूं येते, दुसऱ्यांत विचार. माझा कल दुसऱ्याकडे.

क्यूबाच्या 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब'बद्दल थोडक्यांत सांगतों, कारण तिला माझ्या शिफारसीची गरज नाहीं. आफ्रिकेंतील माली देशाचे वादक १९९६ सालीं हवाना येथें यावयाचे होते, ते पोंचले नाहींत. मग तेथलेच वृद्ध कलावंत जमवून सहा दिवसांत हें मुद्रण झालें. पियानोवादक रुबेन गोन्झालेस ७६ वर्षांचे, कोम्पाय सेगुंदो ८८ वर्षांचे! येथें धरावयाचा धागा 'क्लाव्हे' या ठेक्याचा. १६ मात्रा मोजाव्या आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्यावी. कधीं हा क्रम उलटा येतो, कधीं न वाजतां नुसता गृहीत असतो. त्रितालाची संवय असलेल्या हाताला हे पांच ठोके आरंभीं फार छळतात.

चौथी तबकडी आपलीच, १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. मराठी भावगीताच्या आरंभकाळांतील गायक जी. एन. जोशी हे तिचे निर्माते. शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरांतील एका मेंढपाळाचा दिवस येथें रागांच्या वेळांनीं उलगडला आहे, आणि परदेशांतील पुष्कळ श्रोत्यांना भारतीय संगीतांत पाय ठेवण्याची जागा या तबकडीनेंच दिली. संतूरच्या तारेवर आघात होतांच स्वर विरूं लागतो, मींड दुरापास्त. गिटार हें पाश्चात्त्यांचें वाद्य, पण काब्रांनीं तें आडवें ठेवून तारेवर कांब सरकविली कीं मींड अखंड निघते. शेवटचा पहाडी रात्रीं ऐकावा. मात्र तेथवर अहीर भैरवापासून क्रमानें यावें, मधूनच सुरुवात करूं नये.