घाटाखालचे ऊन आणि कातडीचा रंग

बुलढाणा जिल्ह्यातील माणसे आपल्या मुलखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पाडतात. आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा गावाची थंड हवा इंग्रज अंमलदारांना मानवली असली, तरी राजूरचा घाट उतरून जो कोणी वैशाखात मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात येतो, त्याला ४४ अंशांच्या उन्हात धसकटे वेचणाऱ्या बायांकडे पाहून एवढे तरी उमगते की, उन्हात जावे की न जावे हा प्रश्न या जिल्ह्यात फार थोड्यांच्या मर्जीवर सोपवलेला आहे. जिल्हा सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोन वेळा थेट माथ्यावर येतो: एकदा मेच्या चौथ्या आठवड्यात, आकाश निरभ्र असताना, आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जेव्हा मध्ये बहुधा ढगांचा पडदा असतो.

खामगावच्या रस्त्यावर डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा स्कार्फने गुंडाळलेली दुचाकीवरची तरुणी, आणि लगतच्या शेतात डोक्याला दुपट्टा बांधून वखर हाकणारा शेतकरी, या दोघांचा बंदोबस्त वरकरणी एकच दिसतो. परंतु त्याला भय ऊन लागण्याचे असते आणि तिला काळवंडण्याचे. वैद्यकाच्या दृष्टीने पाहता त्याचे भय अधिक खरे आहे. उष्माघाताने माणूस एका दुपारीत दगावू शकतो, रंग काळवंडल्याने आजवर कोणी दगावलेले नाही. तथापि लग्नाच्या बाजारात जिचा वर्ण ‘उजळ’ म्हणून लिहिला जातो आणि जिच्या परिचयपत्रातून तो रकाना मुकाट्याने गाळला जातो, त्या दोघींना मिळणारी वागणूक पाहिली म्हणजे त्या तरुणीला भ्रमिष्ट ठरवण्याचे धाडस माझ्याने होत नाही.

कातडीचा रंग हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक प्रकारचा दस्तऐवज म्हणून वाचला गेला आहे. वाड्यात, पेढीवर, कचेरीत सावलीला कोण बसले आणि शिवारात कोण राबले, याची साक्ष त्यात शोधली जाते. जात आणि जमीन यांच्याशी तिची सांगड पुढे आपोआपच पडली. याच जिल्ह्यात मेहकर येथे १८८८ मध्ये भूगर्भातून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती आहे, आणि तिचे सावळे सौंदर्य डोळे भरून पाहून परतणारे कुटुंब त्याच दिवशी मुलासाठी गोरी मुलगी पाहावयास जाऊ शकते, यात कोणाला विसंगती वाटत नाही.

युरोपात नेमका उलटा प्रकार झाला. गिरण्या आणि कचेऱ्या यांनी श्रमिकाला छपराखाली आणल्यावर फिकटपणा ही दारिद्र्याची खूण ठरली. त्यात क्षयग्रस्त त्वचेवर प्रकाशचिकित्सा करणाऱ्या नील्स फिन्सन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, स्वित्झर्लंडमध्ये लेझँ येथे रोलिए यांनी क्षयरोग्यांना उन्हात निजवण्यास आरंभ केला, आणि १९२० नंतर समुद्रकिनारी कातडी रापवून घेणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण झाले. पुढे ऊन नसेल तेथे विजेच्या दिव्यांखाली निजण्याची सोय निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या दिव्यांना मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या यादीत घातले, आणि ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठी होणाऱ्या त्यांच्या वापरावर बंदी आणली. तिकडे रापण्यासाठी आणि इकडे न रापण्यासाठी माणसांनी पैसे मोजले. दोन्हीकडे विकत घेतली जात होती ती फुरसत.

शरीराला मात्र या प्रतिष्ठेचा पत्ता नसतो. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन नामक रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात, प्रकारात आणि त्याच्या कणांच्या मांडणीत. उन्हातील अतिनील किरणांनी पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचू लागली की हे कण शेजारच्या पेशींत पाठवले जातात आणि तेथे केंद्रकाच्या सूर्याकडील बाजूस छत्रीसारखे जमतात. म्हणजे रापणे हे थोडी इजा झाल्याचे लक्षण आहे आणि तिच्यावरील उपायही. गोऱ्या कातडीला रापून मिळणारे संरक्षण तोकडेच असते. जन्मजात सावळ्या कातडीचे पुष्कळ भक्कम, आणि भारतात त्वचेचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळा असण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. जो विशेष घातक प्रकार आपल्याकडे आढळतो, तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जेथे उन्हाचा संबंध अल्प. म्हणून अनवाणी चालणाऱ्याने तळपायावर वाढत जाणारा काळा डाग आढळल्यास तो काट्याचा व्रण समजून सोडून देऊ नये. जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा सारा महाराष्ट्र ते पाहून थक्क झाला. त्या खारट पाण्यातील ज्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, त्यांनाही तीव्र प्रकाशापासून वाचवते ते त्यांचे रंगद्रव्यच. त्यांना कोणी गोरे होण्याचा सल्ला दिला नाही.

ऊन टाळण्याची किंमत काय पडते, याची एक जुनी रुजुवात आपल्याच महाराष्ट्रातील आहे. मुंबई इलाख्यातील नाशिक येथे हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी मुडदूस या व्याधीची पाहणी केली आणि १९२२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या काळी या रोगाचे कारण निकृष्ट अन्न की प्रकाशाचा अभाव, याविषयी विलायतेत मोठा वाद चालू होता. नाशिकला दिसले ते असे की, ज्या सधन घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती, परंतु बायका आणि तान्ही मुले पडद्याआड, अंधाऱ्या खोल्यांत राहत, तेथे हाडे वाकलेली मुले आढळत आणि कोवळ्या वयाच्या विवाहित मुलींची हाडेही मऊ पडलेली असत; आणि ज्यांच्या पोटात पुरेसे अन्न नव्हते, पण ज्यांची मुले दिवसभर उघड्यावर खेळत, ती मजुरांची घरे या व्याधीपासून बहुतांशी मुक्त होती. जीवनसत्त्व ‘ड’ त्वचेत तयार होते ते ज्या किरणांनी कातडी होरपळते त्यांपैकीच काही किरणांनी. काच त्यांना अडवते, मात्र रंग गडद करणाऱ्या इतर किरणांचा मोठा भाग काचेतून आत येतो. त्यामुळे बंद खिडकीशी बसून काळवंडणे साधते, हाडांना लाभ होत नाही.

उन्हाच्या माथी मारले जाणारे काही गुन्हे त्याचे एकट्याचे नसतात. पुण्यात १९५५च्या सुमारास ज्याची प्रथम नोंद झाली आणि जे पुढे देशभर पसरले, त्या गाजर गवताच्या सूक्ष्म कणांनी शेतकऱ्याचा चेहरा व मान खाजून, जाड होऊन काळी पडते, आणि तो म्हणतो की ऊन बाधले. निव्वळ उन्हाचा चट्टा वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग बहुधा सोडतो, कारण तेथे सावली असते. वाऱ्यावर येणारे कण तेथेही पोहोचतात. बऱ्याच काळाने हा विकार उन्हानेही चाळवतो, हे खरे. दुसरा प्रकार ज्वारीच्या मुलखातला. हैदराबादचे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवले की, दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळतो. त्यात मानेभोवती, हातांवर, पायांवर, जेथे जेथे ऊन पडते तेथे तेथे, कातडी काळी पडून सोलवटते. खूण उन्हाची, पण मूळ अपुऱ्या आहारात. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे मिळाले तर ती उद्भवण्याचे कारण उरत नाही.

परंतु मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती उन्हाची नव्हे, त्यावर उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांची. वांगावर किंवा साध्या रापलेपणावर स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने चोळले की चेहरा प्रारंभी खरोखर उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि मलम थांबवताच अशी आग होते की पुन्हा तेच लावावे लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ औषधांना डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विक्रीची मुभा काढून घेतली. गावोगावच्या दुकानांत त्या हुकमाचा अंमल किती होतो, हे वाचकांनीच पाहावे. याहून भयंकर पदार्थ पारा. तो रंगद्रव्य बनवणारी प्रक्रिया रोखतो आणि त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडांवर आघात करतो. शेजारच्या अकोल्यात आई आणि दोन मुली अशा एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या एका मलमाने बिघडल्याचे आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले. सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळण्यास भारतात कायद्याने मनाई आहे. नकळत शिरलेला अंशही, डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांखेरीज, दहा लाखांत एका भागापलीकडे चालत नाही. तथापि कायदा बजावण्यासाठी आधी उत्पादकाचे नाव लागते, आणि अशा डब्यांवर पुष्कळदा नाव, पत्ता, परवाना क्रमांक यांपैकी काहीच नसते. फिर्याद गुदरायची तरी कोणावर?