गांधीलमाशी की कुंभारीण? पेटवण्याआधी ओळखा

पत्र्याखालच्या वाशाला, खिडकीच्या कोपऱ्यात, नाहीतर मोटारीच्या स्टार्टर पेटीत माश्यांचं घर दिसलं की पहिला हात काडेपेटीकडे जातो. पण प्रत्येक माशी डंख मारायला टपलेली नसते. आणि जी खरोखर धोक्याची असते, तिला आग दाखवणं अंगाशी येतं. म्हणून आधी ओळख महत्त्वाची.

कुंभारीण : भिंतीवर किंवा चौकटीवर चिखलाचं छोटं घर करते. ही एकटी राहते. पिल्लांना खायला म्हणून डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी आत भरून ठेवते. हातात पकडली नाही तर सहसा डंख मारत नाही. घर नको असेल तर माशी नसताना खरवडून टाकावं.

गांधीलमाशी : लाकडाचा भुसा लाळेत मळून कागदासारखं घर बांधते. खालून कप्पे उघडे दिसतात. पिकावरच्या अळ्या ती खाते, त्यामुळे बांधावरच्या झाडाला घर असेल तर राहू द्यावं. मात्र दारात, पोरांच्या वाटेवर असेल तर काढावंच लागतं. तिची नांगी अंगात राहत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते. अंधार पडल्यावर माश्या शांत बसतात. तेव्हा अंग पूर्ण झाकून, फवारणी पंपाने लांबून साबणाचं पाणी मारलं तर त्या मरतात. स्टार्टर पेटीत मात्र पाणी मारू नये, तिथे विजेचा धोका मोठा. मेन स्विच बंद करून जाणकाराकडूनच काढून घ्यावं.

आग्या मोहोळ : उंच वड-पिंपळाला, पाण्याच्या टाकीला लटकलेलं एकच मोठं पोळं. याच्या वाटेला जाऊच नये. एका माशीने डंख मारला की त्या वासाने बाकीच्या चवताळतात. धूर, फटाके, दगड यांनी थवाच अंगावर येतो. अशा वेळी हात झटकत उभं न राहता तोंड झाकून पळावं आणि घरात शिरून दार लावावं. विहिरीत उडी मारू नये. बुडण्याची भीती असते आणि माश्या वर घिरट्या घालत राहतात.

डंख बसला तर

मधमाशीची नांगी अंगात रुतून राहते आणि त्यातून विष आत जात राहतं. ती नखाने लगेच खरवडून काढावी. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याचं फडकं ठेवावं. सूज येण्याआधी बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या उतरवाव्यात. चुना, चिखल लावत बसू नये.

खरा धोका पुढे आहे. काहींना एकच डंख जिवावर बेततो. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, दम लागणं, उलटी, चक्कर यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय सोडून 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठावा. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचतो. ही लक्षणं काही मिनिटांत वाढतात, त्यामुळे वाट पाहू नये.

बरेच डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवावं. विषामुळे नंतर मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. लघवी कमी झाली किंवा काळपट-लाल दिसली तर तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावं. ज्याला आधी एकदा असा त्रास झाला आहे, त्याने पोळ्याजवळचं काम दुसऱ्यावर सोपवलेलं बरं.