फिलिप्सची रेषा आणि तिच्या अटी

नोव्हेंबर १९५८ मध्ये लंडनच्या ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात सतरा पानांचा एक लेख छापून आला. लेखक बिल फिलिप्स, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्राध्यापक. त्याने ब्रिटनची १८६१ ते १९५७ या काळातली आकडेवारी आलेखावर मांडली होती. आडव्या अक्षावर बेकारीचं प्रमाण, उभ्या अक्षावर मजुरीत झालेली वार्षिक वाढ. बेकारी कमी असलेल्या वर्षांत मजुरी झपाट्याने चढलेली दिसत होती. बेकारी वाढली की मजुरी रेंगाळत होती. मजुरी वाढली की मालाचा खर्च वाढतो आणि पाठोपाठ भावही. म्हणजे बेकारी आणि महागाई यांचं नातं उलटं आहे, एक खाली दाबली की दुसरी वर येते, असा अर्थ लोकांनी लावला. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी व्याजदराचे जे निर्णय घेतले, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे ही ‘फिलिप्स रेषा’ कुठे ना कुठे उभी आहे. त्या निर्णयांमुळे कोट्यवधी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, कोट्यवधींची बचत वाचली. म्हणून मूळ लेखात नेमकं काय होतं ते नीट पाहायला हवं.

फिलिप्स अर्थशास्त्रात उशिरा आला. जन्म १९१४, न्यूझीलंडमधल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातला. शिक्षणाने तो विद्युत अभियंता. तरुणपणी ऑस्ट्रेलियात हाताला येईल ते काम केलं, मगरींची शिकारसुद्धा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला जावा बेटावर पकडलं आणि साडेतीन वर्षं तो युद्धकैद्यांच्या छावणीत होता. तिथे त्याने चोरून एक छोटा रेडिओ जुळवला, आणि कैद्यांना चहासाठी पाणी गरम करता यावं म्हणून विजेचे लहान हीटरही बनवले. छावणीतल्या चिनी कैद्यांकडून तो चिनी भाषा शिकला. युद्धानंतर लंडनमध्ये त्याने समाजशास्त्राची पदवी जेमतेम पास श्रेणीत मिळवली; पण अर्थशास्त्रातली समीकरणं वाचताना त्याच्यातला अभियंता जागा झाला.

क्रॉयडनमधल्या घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये, बॉम्बफेकी विमानांचे उरलेले सुटे भागही वापरून, त्याने १९४९ मध्ये सुमारे सात फूट उंचीचं एक यंत्र उभं केलं. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा, आणि त्यांतून वाहणारं रंगीत पाणी. पाणी म्हणजे देशाचं उत्पन्न. पंपाने ते वर चढायचं आणि खाली येताना एका फाट्याला कर म्हणून वळायचं, दुसऱ्याला बचत म्हणून, उरलेलं खर्च म्हणून पुढे जायचं. बचतीच्या टाकीतली पातळी उतरली की व्याजदर चढायचा आणि गुंतवणुकीकडे जाणारी झडप थोडी आवळली जायची. आयात-निर्यातीच्या नळ्या वेगळ्या. बाजूला कागदावर पेन चालायचं आणि उत्पन्नाचा आलेख आपोआप उमटायचा. हे यंत्र ‘मोनिआक’ या नावाने ओळखलं जातं. एक लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, एक केंब्रिजला. खर्च वाढवल्यावर अर्थव्यवस्थेत पुढे काय घडतं, ते घडायला किती वेळ लागतो आणि मध्ये किती हेलकावे येतात, हे विद्यार्थ्यांना त्यात डोळ्यांनी दिसायचं.

१९५८ चा लेख याच हातांनी केलेला आहे. संगणक हाताशी नसताना फिलिप्सने १८६१ ते १९१३ या वर्षांचे बेकारीनुसार सहा गट पाडले, प्रत्येक गटाची सरासरी काढली आणि मिळालेल्या सहा बिंदूंमधून एक वक्र ओढला. मग पुढच्या काळाचे आकडे त्याच वक्रावर ठेवून पाहिले. १९४८ ते १९५७ चे बिंदू, बेकारीचा आकडा सात महिने मागचा धरला तर, जवळजवळ तंतोतंत त्यावर बसले. एकोणिसाव्या शतकातल्या, कामगार संघटना दुबळ्या असलेल्या ब्रिटनवरून काढलेली रेषा युद्धोत्तर ब्रिटनलाही लागू पडावी, ही थक्क करणारी गोष्ट होती. त्याचा हिशेब असा: बेकारी साडेपाच टक्के असेल तर मजुरी स्थिर राहील, अडीच टक्क्यांच्या आसपास असेल तर मजुरी उत्पादकतेइतकीच वाढेल आणि भाव स्थिर राहतील.

आता या लेखातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पुढे त्यांचा लोकांना विसर पडला.

पहिली म्हणजे रेषेचा आकार. ती सरळ नाही, वाकलेली आहे. डावीकडे, जिथे बेकारी अगदी कमी, तिथे ती कड्यासारखी उभी आहे. कामाला माणूसच मिळत नसेल तर मालक एकमेकांचे कामगार पळवतात आणि बेकारीत किंचित फरक पडला तरी मजुरी खूप हलते. उजवीकडे मात्र रेषा जवळजवळ आडवी पडते, कारण बेकारी कितीही वाढली तरी आहे त्या मजुरीत कपात सोसायला कामगार सहसा तयार होत नाहीत. तिथे आणखी हजारो लोक बेकार झाले तरी भावांवर फारसा परिणाम होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फिलिप्सने घातलेली अट. आयात मालाच्या किमती एकदम भडकल्या तर हे नातं टिकणार नाही, असं त्याने लेखातच म्हटलं होतं.

दोनच वर्षांनी पॉल सॅम्युअलसन आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या आकड्यांवरून तशीच रेषा काढली, आणि मजुरीच्या जागी थेट महागाईचा दर ठेवला. सरकारपुढे निवडीला वाव आहे, अशी त्यांची मांडणी होती: बेकारी तीन टक्क्यांवर आणायची तर चार-पाच टक्के महागाई सोसा, भाव स्थिर हवेत तर पाच-सहा टक्के बेकारी सोसा. काळाच्या ओघात ही रेषा सरकू शकते, असा इशाराही त्यांनी दिला होता. पण राजकारण्यांच्या हाती आकड्यांचा तक्ता लागला की तळटीप कोण वाचतो? साठचं दशक तर या तक्त्याबरहुकूमच चाललं. १९६१ मध्ये सहा टक्क्यांच्या वर असलेली अमेरिकेतली बेकारी १९६९ पर्यंत साडेतीनवर आली, आणि महागाई एका टक्क्यावरून पाचच्या पुढे गेली.

हे फार काळ टिकणार नाही, हे आणखी दोघांनी आधीच ओळखलं होतं. एडमंड फेल्प्सने १९६७ मध्ये आणि मिल्टन फ्रिडमनने त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून जवळपास एकच युक्तिवाद केला. कामगार मजुरीचा करार करतो तेव्हा त्याच्या मनात येत्या वर्षाच्या भावांचा अंदाज असतो. महागाई अंदाजापेक्षा जास्त निघाली की खऱ्या हिशेबात मजूर मालकाला स्वस्त पडतो, भरती वाढते, बेकारी घटते. पण फसगत एकदाच होते. पुढच्या करारात कामगार वाढीव महागाई धरूनच मजुरी मागतो. मग बेकारी मूळ जागी परतते, महागाई मात्र वरच राहते. बेकारी कायम खाली ठेवायची तर दर वर्षी लोकांच्या अंदाजापेक्षा जास्त महागाई करावी लागेल, म्हणजे ती चढतच जाईल. माझ्या मते फिलिप्सच्या मूळ लेखातली खरी उणीव इथे आहे: माणसं पुढचा विचार करतात, हे त्याच्या आलेखात कुठे नव्हतं.

सत्तरचं दशक उजाडलं आणि रेषा मोडली. १९७३ च्या अखेरीस तेल उत्पादक देशांनी तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट केला. १९७४ अखेर अमेरिकेत महागाई बारा टक्क्यांवर होती आणि मे १९७५ मध्ये बेकारी नऊ टक्के. दोन्ही एकाच वेळी. फिलिप्सची आयात मालाची अट इथे अक्षरशः लागू पडली. तो स्वतः मार्च १९७५ मध्ये ऑकलंडला वारला. त्याआधी काही वर्षं पक्षाघाताने आजारी होता.

महाराष्ट्राला हा अनुभव तेलाच्याही आधी आला होता. १९७२ च्या दुष्काळात पीक बुडालं तेव्हा धान्य महाग झालं आणि शेतावरचं कामही गेलं. बेकारी वाढली म्हणून महागाई उतरेल, असं इथे कोणी म्हटलं असतं तर खडी फोडणाऱ्या बायकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. रोजगार हमी योजना रुजली ती याच अनुभवातून. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये देशातली घाऊक महागाई तीस टक्क्यांवर गेली. मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप मोडून काढण्यात आला आणि जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून नोकरदारांची सगळी पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकला. भाव वाढले होते दुष्काळाने आणि तेलाने. आवळलं गेलं पगारदारांना.

अमेरिकेत हा निर्दयपणा पाच वर्षांनी आला. पॉल व्होल्कर १९७९ मध्ये मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष झाले. महागाई वाढतच राहणार हा लोकांच्या मनातला समज मोडल्याशिवाय ती उतरणार नाही, हे फ्रिडमनचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं, आणि व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले. घरबांधणी ठप्प झाली. बांधकाम व्यावसायिकांनी लाकडाचे तुकडे, त्यांवर निषेध लिहून, टपालाने वॉशिंग्टनला पाठवले. शेतकऱ्यांनी फेडच्या इमारतीला ट्रॅक्टरचा वेढा घातला. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली, म्हणजे सुमारे १ कोटी २० लाख माणसं कामाविना होती. महागाई मात्र मार्च १९८० मधल्या जवळपास पंधरा टक्क्यांवरून १९८३ मध्ये तीन-चारवर आली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हा विजय म्हणून नोंदवला जातो. विजय होताच, पण त्याची किंमत चुकवणाऱ्यांत व्याजदर ठरवणारे नव्हते. ती पोलाद आणि मोटारींच्या कारखान्यांतल्या कामगारांनी चुकवली, आणि त्यांतल्या अनेकांना तसं काम पुन्हा कधी मिळालं नाही.

त्यामुळे २०२२ मध्ये काय झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. करोनानंतर पुरवठ्याच्या साखळ्या विस्कटलेल्या, सरकारी मदतीने मागणी फुगलेली, त्यात युक्रेनचं युद्ध. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्के झाली. त्याच महिन्यात माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी लंडनमधल्या भाषणात हिशेब मांडला: ही महागाई आटोक्यात आणायला पाच वर्षं पाच टक्क्यांवर बेकारी लागेल, किंवा दोन वर्षं साडेसात टक्के, किंवा एक वर्ष दहा टक्के. फेडने व्याजदर शून्यालगतच्या पातळीवरून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. आणि बेकारी? त्या साऱ्या काळात ती चार टक्क्यांच्या खालीच राहिली. जून २०२३ मध्ये महागाई तीन टक्क्यांवर आली होती.

याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि वाद अजून चालू आहे. पुरवठा पूर्ववत झाला, हे एक. महागाई खाली येणारच असा लोकांचा विश्वास सत्तरच्या दशकासारखा उडालेला नव्हता, हे दुसरं. तिसरं कारण थेट फिलिप्सच्या वक्रापाशी नेतं. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेत एका बेकारामागे जवळपास दोन रिकाम्या जागा होत्या. म्हणजे अर्थव्यवस्था रेषेच्या डावीकडच्या उभ्या कड्यावर होती. तिथे मागणी थोडी थंडावली की आधी भरतीच्या जाहिराती कमी होतात, माणसं घरी जात नाहीत, आणि भाव झपाट्याने उतरतात. समर्स यांचा हिशेब रेषेच्या सपाट भागाला शोभणारा होता. व्होल्करच्या काळाचा धडा प्रत्येक महागाईला लावायची घाई केली असती, तर लाखो नोकऱ्या विनाकारण गेल्या असत्या.

आपल्याकडे ही रेषा काढायची तर आधी बेकारी कशी मोजायची हा प्रश्न उभा राहतो. सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत, आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतावर बिनपगारी राबणारी मुलगीही रोजगारातच. बेकारी भत्ता नसलेल्या देशात गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. तो दिवसभर हातगाडी ढकलून पन्नास रुपये कमावतो आणि आकड्यांत कामाला लागलेला दिसतो. महागाईचंही तसंच. २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात जवळपास ४६ टक्के भार खाण्यापिण्याच्या वस्तूंचा होता. पाऊस चुकला आणि टोमॅटो-कांदा भडकला तर रेपो दर वाढवून पीक येत नाही. दर वाढवल्याने घराचा हप्ता वाढतो, लघुउद्योजकाचं कर्ज महागतं, आणि त्याच्याकडची रोजंदारीची माणसं आधी कमी होतात. ती बेकारीच्या आकड्यात दिसतीलच असं नाही.

अमेरिकेच्या फेडवर १९७७ च्या कायद्याने भाव स्थिर ठेवणं आणि रोजगार जास्तीत जास्त ठेवणं, अशा दोन्ही जबाबदाऱ्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा भावस्थैर्य हे मुख्य उद्दिष्ट ठरलं आणि आर्थिक वाढ लक्षात ठेवायला सांगितलं गेलं. चार टक्के महागाई, दोन टक्के इकडेतिकडे, असं लक्ष्य पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपुढे आहे. उद्दिष्टाच्या त्या वाक्यात रोजगाराचा उल्लेख नाही. २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाचे आकडे दरमहा प्रसिद्ध होऊ लागले आहेत, आणि खेड्यांतली मजुरी श्रम ब्युरो दर महिन्याला नोंदवतोच: नांगरणी, पेरणी, कापणी, गवंडीकाम, कामागणिक आणि राज्यागणिक. फिलिप्सने भाव नव्हे, मजुरीच मोजली होती. रिझर्व्ह बँकेने व्याजदराच्या प्रत्येक निवेदनात महागाईच्या आकड्याशेजारी या मजुरीचा तक्ता छापायला सुरुवात करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.