परत आलेला अर्ज

नकाराचे पत्र नेहमी दोन ओळींचे असते. आपण अर्ज केलात याबद्दल आभार. सध्या आपली निवड करता येत नाही. आता ते टपालाऐवजी ई-मेलने येते, एवढाच फरक. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ते शेकडोंपैकी एक असते. घरात मात्र ते एकुलते एक असते आणि कोर्टाच्या निकालासारखे वाचले जाते. आई चहा टाकायला आत जाते, वडील वर्तमानपत्र उघडतात आणि कुणीच काही बोलत नाही.

गोंदियाजवळच्या कामठ्यातले असे एक घर माझ्या ओळखीचे आहे. कामठा हे जुन्या जमीनदारीचे गाव. भोवती धानाची शेते, जवळच बिरसीचे विमानतळ. मुलीचे वडील राइस मिलमध्ये दिवाणजी आहेत. मुलगी सी.ए. झाली तेव्हा त्यांनी मिलमधल्या हमालांपासून सगळ्यांना पेढे वाटले. तिने पुण्यातल्या एका बड्या ऑडिट फर्मकडे अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिला त्या दोन ओळी आल्या. “काका, पुन्हा अर्ज करू का? की हसे होईल?” तिने विचारले. तीस-पस्तीस वर्षे बँकेत लोकांचे अर्ज वाचण्यातच गेली, म्हणून बहुधा हा प्रश्न माझ्याकडे आला.

डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही चार नावे आज वाणिज्य शाखेच्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. एके काळी ती पाच होती. एन्रॉनच्या घोटाळ्यानंतर 2002 मध्ये आर्थर अँडरसन ही पाचवी फर्म कोसळली. म्हणजे मोठेपणालाही आयुष्याची हमी नसते. शिवाय 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्थेचे सभासदत्व सर्वांना सारखेच मिळते. गोंदियातल्या सी.ए.च्या सहीला एक किंमत आणि मुंबईतल्या सहीला दुसरी, असे कायदा म्हणत नाही. मोठ्या फर्ममध्ये मोठ्या कंपन्यांचे काम लवकर पाहायला मिळते, पगार आणि ओळखी मिळतात. हे आकर्षण खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र तिथे जागा मिळाली नाही म्हणून शिक्षण वाया गेले, हा हिशेब चुकीचा आहे.

आता पुन्हा अर्ज करावा का? बँकेत कर्जाची प्रकरणे परत जात, तेव्हा मी दोन तऱ्हेचे अर्जदार पाहिले. एक जण पंधरा दिवसांनी तेच कागद नव्या फायलीत घालून येई. दुसरा वर्षभराने येई, नवा ताळेबंद, वाढलेली विक्री आणि फेडलेली जुनी उधारी घेऊन. नाव तेच, दुकान तेच. पण प्रकरण नवे असे. पहिल्याला पुन्हा नकार मिळे आणि बँकेने आपल्याविरुद्ध कट केला आहे असे त्याला वाटे. दुसऱ्याच्या जुन्या नकाराची आठवणही कुणी काढत नसे.

मी तिला एवढेच सांगितले की तारीख बदलून तोच अर्ज पाठवायचा असेल तर पाठवू नकोस. काही फर्ममध्ये पुन्हा अर्ज करण्याआधी ठरावीक काळ जावा लागतो. तो नियम आधी पाहा आणि त्या काळात काहीतरी कमाव.

ती गोंदियातल्या एका लहान फर्ममध्ये लागली. काम राइस मिलच्या मालतपासणीचे. तारण ठेवलेला माल खरोखर गोदामात आहे का, हे पाहायचे. सरकारी धानाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे अरवा तांदूळ 67 किलो आणि उसना 68 किलो द्यावा लागतो. उरते ते तूस आणि कोंडा. धान किती आले, तांदूळ किती गेला, कोंडा किती विकला आणि विजेचे बिल किती आले, या चार आकड्यांनी एकमेकांची साक्ष द्यावी लागते. एकाने दिली नाही तर पोती मोजायला उठावे लागते. बड्या फर्मचे ऑडिटर सिमेंटच्या कारखान्यात हेच करतात. हे तिला बालपणापासून ठाऊक होते, पण पहिल्या अर्जात यातले एक अक्षर नव्हते. तिथे होते ‘उत्तम संवादकौशल्य’ आणि ‘संघभावना’, म्हणजे सगळ्यांच्याच अर्जात असते ते. नव्या अर्जात तिने, कोणत्याही मिलचे नाव न घेता, हा तपास कसा केला ते पाच ओळींत लिहिले.

सी.ए.च्या परीक्षेत एक शहाणा नियम आहे. ग्रुप राहिला, तरी एखाद्या विषयात 60 गुण असतील तर पुढच्या तीन प्रयत्नांत त्या विषयाची सूट मिळते. नापास झालेल्याचेही कमावलेले काही शिल्लक राहते. घरानेही मुलांना अशी सूट द्यावी. मुलाखतीपर्यंत पोचली, ही शिल्लक आहे. ती खोडू नये.

पण प्रत्येक नकार अर्जदाराच्या उणिवेमुळेच येतो असे नाही. लंडनच्या मेरी हॅरिस स्मिथ स्वतःचा हिशेबनिसाचा व्यवसाय चालवत होत्या. 1891 मध्ये इंग्लंडच्या चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेने त्यांचा अर्ज फेटाळला, केवळ त्या स्त्री होत्या म्हणून. त्यांनी काम सोडले नाही आणि मागणीही सोडली नाही. 1919 मध्ये कायदा बदलला आणि 1920 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांना सभासदत्व मिळाले. एकोणतीस वर्षांत त्यांच्या पात्रतेत उणे काही नव्हते. बदलायचे होते ते संस्थेला. म्हणून नकार आला की आधी विचारावे, बदलायला हवे ते कोणाला? उत्तर ‘मला’ असेल तर कामाला लागावे. ‘त्यांना’ असेल तर स्वतःला बोल लावू नये, आणि आपला व्यवसाय तर मुळीच थांबवू नये.

आईवडिलांना एकच विनंती. ‘आले का उत्तर?’ हे रोज विचारू नका. ‘आज काय काम केलेस?’ हे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलीच्या हातात नसते, दुसऱ्याचे असते.

कामठ्याच्या मुलीचा दुसरा अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. मध्यंतरी वडिलांनी तिला आपल्या मिलचा कोंड्याचा हिशेब दाखवला. तिने तासाभरात त्यातली दोन पोत्यांची तफावत शोधून काढली. आता ते मालकाला सांगायचे कसे, यावर त्या घरात सध्या चर्चा चालू आहे.