प्रतिपालकत्वातील मुलाचा आराखडा
मूल दत्तक न देता ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला सोपवणे, म्हणजेच प्रतिपालकत्व, याची तरतूद भारतात २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये असून तो निर्णय बालकल्याण समिती घेते. मुलाचे वय, लिंग व पूर्वेतिहास पाहून आणि त्याच्याशी बोलून तयार होणारा ‘वैयक्तिक संगोपन आराखडा’ आरोग्य, आहार, शिक्षण यांबरोबरच भावनिक गरजा आणि सोसलेला छळ यांचीही दखल घेतो. कारण अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचे खरे दुखणे पुष्कळदा पुस्तकात नसून अपुऱ्या झोपेत, अधू कानात किंवा दुरावलेल्या भावंडात असते (भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवावे, असे कायदाही सांगतो). एकदा भरून कपाटात ठेवलेला आराखडा मात्र निरुपयोगीच म्हणावा लागेल. तो वेळोवेळी तपासायला हवा आणि तशी संधीही असते, कारण प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करणे समितीवर बंधनकारक आहे.