अश्वगंधा : गुण मानला तर अवगुणही मानावा

चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय गणांत येते. म्हणजे ताकद देणारी, अंग भरून आणणारी. कॉर्टिसॉल, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन ही नावं तिला चिकटली ती गेल्या दीड-दोन दशकांत. 2012 साली तणावाखाली असलेल्या 64 व्यक्तींवरचा एक भारतीय प्रयोग प्रसिद्ध झाला. मुळाचा 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, 60 दिवस घेणाऱ्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरंच उतरलं. 2018 मध्ये सौम्य हायपोथायरॉइडिझमच्या 50 रुग्णांवर 8 आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात थायरॉइडला चालना देणारा टीएसएच खाली आला, थायरॉइडची संप्रेरकं टी3 आणि टी4 वर गेली. प्रयोग लहान, मुदत तोकडी. तरी निष्कर्ष थेट डबीवर चढले. दुधातून घ्यायचं आस्कंदाचं चूर्ण पाहता पाहता ‘हार्मोन बॅलन्स’ची कॅप्सूल झालं. वनस्पतीच असल्यामुळे अपाय नाही, हे आश्वासन मात्र जुनंच राहिलं.

ही दोन्ही विधानं एकत्र टिकत नाहीत. जी मुळी थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते, ती ज्याला वाढ हवी आहे त्यालाच वाढ देईल, याची हमी कोणी दिली? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2005 मध्येच एका तरुण स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली होती. थकव्यासाठी अश्वगंधेच्या कॅप्सूल घेता घेता तिच्या शरीरात थायरॉइडचा अतिरेक झाला. 2018च्या प्रयोगात जो गुण ठरला, तोच इथे रोग ठरला. एका रुग्णावरून नियम होत नाही हे खरं; पण दिशा दोन्हीकडे एकच दिसते. थायरॉइडची गोळी आधीच चालू असलेल्याने स्वतःच्या मनाने अर्क सुरू केला, तर डॉक्टर ज्या टीएसएचवरून मात्रा ठरवतात तो आकडाच फसवा होतो.

हजारो वर्षं लोक घेत आले, हा आक्षेप इथे हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण ते चूर्णापुरतं. वैद्याने प्रकृती पाहून दिलेलं चूर्ण आणि विथॅनोलाइडांचं, म्हणजे तिच्यातल्या सक्रिय द्रव्यांचं, प्रमाण वाढवलेला अर्क या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत. शिवाय परंपरा मुळाची आहे. स्वस्त पडतात म्हणून पानं मिसळण्याचा प्रकार वाढला, तेव्हा 2021 मध्ये आयुष मंत्रालयालाच पानं न वापरण्याचा सल्ला द्यावा लागला. राहिला यकृताचा प्रश्न. काविळीसारखी लक्षणं हळूहळू दिसावीत, तीही थोड्यांना, तर अशा अपायाची सांगड औषधाशी घालणं पूर्वी अवघडच होतं. 2020 मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या 5 रुग्णांची माहिती एकत्र आली: 2 ते 12 आठवड्यांत कावीळ, अंगाला खाज, औषध थांबवल्यावर सुधारणा. 2023च्या भारतीय नोंदींत आधीच यकृताचा जुना आजार असलेल्यांची अवस्था अधिक बिकट झालेली दिसते.

उलट बाजूचा आक्षेपही तपासायला हवा. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर सरसकट बंदी घातली. तिथल्या तज्ज्ञांना थायरॉइड, लैंगिक संप्रेरकं आणि गर्भपाताची शंका होती, सुरक्षित मात्रा ठरवता येत नव्हती. शंका रास्त, पण बंदीने वापरणारा थांबतो असं नाही. तो ऑनलाइन मागवतो, आणि मग डॉक्टरला सांगतही नाही. त्यापेक्षा तिला औषधाचा दर्जा द्यावा आणि औषधाचेच नियम लावावेत. गरोदरपणी घेऊ नये. थायरॉइड जास्त असेल, यकृताचा आजार असेल, किंवा झोपेच्या, मधुमेहाच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. संप्रेरकांसाठीच घ्यायची असेल, तर आधी टीएसएच तपासावा आणि 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा. बहुतेक प्रयोग तीन महिन्यांच्या आत संपले आहेत, त्यामुळे वर्षानुवर्षं घेण्याला त्यांचा आधार मिळत नाही. लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करावी आणि दवाखान्यात जाताना तिची डबी बरोबर न्यावी.