प्रोबेट: स्वतः करायचं की सॉलिसिटरकडे द्यायचं?

आज आपण इंग्लंड आणि वेल्सपुरतंच बोलणार आहोत. स्कॉटलंडमध्ये प्रोबेट नसतं, तिथे ‘कन्फर्मेशन’ असतं आणि त्याची रीत वेगळी आहे.

घरातलं माणूस जातं, दिवसकार्य होतं, आणि पाठोपाठ बँकेचं पत्र येतं: प्रोबेट आणा. मग एक नातेवाईक म्हणतो, ‘सॉलिसिटरकडे देऊन टाक, आपल्याला काय कळतंय त्यातलं!’ दुसरा म्हणतो, ‘कशाला पैसे घालवतोस? ऑनलाइन फॉर्म आहे.’ दोघंही अर्धंच सांगतात, कारण या एका शब्दात आपण दोन कामं कोंबतो. पहिलं, मृत्युपत्राप्रमाणे कारभार पाहण्याचा अधिकार कोर्टाकडून मिळवणं. दुसरं, तो अधिकार वापरून मालमत्ता गोळा करणं, देणी आणि कर भागवणं, उरलेलं वारसांना वाटणं.

पहिलं काम साध्या घरात खरंच सोपं आहे. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून तुमचं नाव आहे ना? मग अर्ज तुम्हीच करू शकता. मे 2024 मध्ये त्याची फी 300 पौंड झाली. 5,000 पौंडांपर्यंतच्या इस्टेटीला ती पडत नव्हती. मूळ मृत्युपत्र मात्र पाठवावं लागतं, आणि झेरॉक्स काढायला म्हणून त्याच्या पिना उपसू नका! पिनांची जास्तीची भोकं दिसली की एखादा कागद काढला की काय, अशी शंका येते आणि खुलासा द्यावा लागतो.

आता सॉलिसिटरचा खर्च. समजा आईचं घर 4 लाख पौंडांचं आणि बचत 80 हजारांची. वडील आधीच गेलेले, त्यांनी सगळं आईला दिलेलं. नवऱ्याकडून बायकोकडे गेलेल्या मालमत्तेवर सहसा वारसा कर नसतो, त्यामुळे वडिलांची न वापरलेली 3,25,000 पौंडांची मर्यादा आईच्या मर्यादेला जोडता येते. कर शून्य. कुणी या इस्टेटीवर दोन टक्के मागितले तर 9,600 पौंड झाले, वर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 11,520. एक घर, दोन बँक खाती आणि एकमेकांशी नीट बोलणारी दोन भावंडं, एवढ्यासाठी हा खर्च मला पटत नाही.

पण इथेच थांबलो तर मी तुमची दिशाभूल करेन. फॉर्म चुकला तर तो परत येतो. वाटप चुकलं तर? एक्झिक्युटरची जबाबदारी वैयक्तिक असते. तुम्ही भावंडांना पैसे देऊन मोकळे झालात आणि नंतर वडिलांच्या धंद्यातला एखादा सावकार उगवला, तर ती रक्कम तुमच्या खिशातून जाऊ शकते. यावर ट्रस्टी ॲक्ट 1925 च्या कलम 27 मध्ये उपाय आहे. गॅझेटमध्ये आणि, जमीन-घर असेल तर, स्थानिक वर्तमानपत्रातही नोटीस द्यायची, किमान दोन महिने वाट पाहायची आणि मगच वाटायचं. ही नोटीस तुम्ही स्वतः देऊ शकता. तसंच, आपल्याला पुरेसं ठेवलं नाही असा दावा जोडीदार, मुलं किंवा अवलंबून असलेली व्यक्ती 1975 च्या कायद्याखाली करू शकते. त्याची मुदत साधारणपणे प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिने. भाऊ कितीही घाई करो, घरात धुसफुस असेल तर तेवढं थांबा.

माझ्या मते वकील घ्यायचा की नाही, हे इस्टेटीच्या आकड्यावर ठरवू नये. न फेडता येणारं कर्ज, मृत्युपत्रावरून वाद, चालू धंदा, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत खास करून भारतातली मालमत्ता, यांपैकी काही असेल तर सल्ला घ्याच.

पुण्यातला फ्लॅट घ्या. 6 एप्रिल 2025 पासूनच्या नियमानुसार, जो माणूस मागच्या 20 करवर्षांपैकी किमान 10 वर्षं ब्रिटनचा रहिवासी होता, त्याची परदेशातली मालमत्ताही सर्वसाधारणपणे इथल्या वारसा करात येते. पण 1956 चा भारत-ब्रिटन करार अजून लागू आहे. भारतात इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच बंद झाली, करार मात्र राहिला. वडिलांचं डोमिसाइल भारतातलंच होतं असं ठरलं, तर त्या फ्लॅटवर इथला कर टळू शकतो. आणि गंमत बघा, तोच फ्लॅट इथल्या कायद्याने चालणाऱ्या मृत्युपत्रातून दिला असेल तर ही सवलत हातची जाऊ शकते. हा गुंता फॉर्मच्या मदतपानावर सुटणारा नाही.

आणि वेळ? कर असेल तर तो मृत्यू झालेल्या महिन्यानंतरच्या सहाव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचा. पुढे व्याज सुरू. खाती गोठलेली असली तरी बँक थेट कर खात्याकडे पैसे पाठवू शकते, तशी सोय आहे, विचारा. घरावरचा कर दहा वार्षिक हप्त्यांतही देता येतो.

सगळं काम एकाच माणसाकडे द्यायला हवं असंही नाही. कराचं विवरण सॉलिसिटरकडून, बाकी बँकांची पत्रं तुम्ही, असं वाटून घेता येतं. बिनवादाच्या प्रोबेटच्या दरांची माहिती वेबसाइटवर देणं इथल्या सॉलिसिटर फर्म्सना डिसेंबर 2018 पासून बंधनकारक आहे. फोन करण्याआधी तीन-चार दर वाचा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा: ही रक्कम ठरावीक, तासाची की टक्क्याची, आणि तिच्यात वाटपाचं काम धरलंय का?

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.